दोन इंच बाहेरचा चेंडू

टेनिस हा साहेबाचा खेळ. पांढरे कपडे, पांढऱ्या रेषा, पांढरे लोक. त्यात आपलं काय, असं आपलीच पोरं विचारतात. मी म्हणतो, आहे. १९७२ साली इथल्या पोरांनी ज्यांच्याकडून पँथर हे नाव उचललं, त्या काळ्या माणसांची त्या मैदानावर काय गत झाली, हे आपण नाही वाचायचं तर कुणी वाचायचं?

कोको गॉफ घ्या. जन्म १३ मार्च २००४. वाढली फ्लोरिडातल्या डेलरे बीचला. २०१७ साली, तेराव्या वर्षी, अमेरिकन ओपनच्या ज्युनिअर मुलींच्या अंतिम सामन्यात पोचली. हरली. पुढच्या वर्षी चौदाची असताना फ्रेंच ओपनची ज्युनिअर विजेती. २०१९ च्या विम्बल्डनला तिचा जागतिक नंबर ३१३. मुख्य स्पर्धेत जागा नाही. पात्रता फेरीत खेळायची तेवढी खास परवानगी मिळाली. तिथले तिन्ही सामने जिंकले. तिसऱ्याच्या आदल्या रात्री शाळेची विज्ञानाची परीक्षाही दिली. १९६८ पासून विम्बल्डनला पात्रता फेरीतून एवढ्या लहान वयात कुणी वर आलं नव्हतं. पहिल्या फेरीत समोर पाच वेळची विजेती व्हीनस विल्यम्स. पोर पंधराची, व्हीनस एकोणचाळीसची. ६-४, ६-४. पोर जिंकली. चौथ्या फेरीत सिमोना हालेपनं तिला अडवलं. त्याच साली ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या लिंझला पहिली व्यावसायिक स्पर्धा मारली. मग २०२३ ला अमेरिकन ओपन, २०२५ ला फ्रेंच ओपन. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात सबालेंकाला हरवून.

पेपरवाल्यांनी एका शब्दात निकाल लावला : चमत्कार. या शब्दाशी माझं भांडण आहे. चमत्कार म्हटलं की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. आधी का नाही झालं, कुणी होऊ दिलं नाही, हे विचारायची सोयच राहत नाही.

ज्युनिअरमधून वर यायला पोरीला दोन वर्षं लागली. दार उघडायला किती लागली ते मोजू. गोऱ्यांची टेनिस संघटना आत घेत नाही म्हणून काळ्यांनी १९१६ साली आपली वेगळी अमेरिकन टेनिस असोसिएशन काढली. १९२९ ला न्यूयॉर्कच्या ज्युनिअर राष्ट्रीय इनडोअर स्पर्धेत रेजिनाल्ड वेअर आणि जेराल्ड नॉर्मन या दोन पोरांनी नावं दिली. काळे म्हणून त्यांना खेळू दिलं नाही. म्हणजे ज्युनिअरच्या पायरीवरच कुंपण. हार्लेमच्या रस्त्यावर पॅडल टेनिस खेळलेली अल्थिया गिब्सन १९५० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा काळ्या माणसाचं पाऊल तिथं पहिल्यांदा पडलं. १९५७ ला ती विम्बल्डन जिंकली. बक्षिसाचा पैसा? शून्य. हौशी खेळाडूंचा काळ होता तो. हौस परवडते कुणाला, हे वेगळं सांगायला नको. आर्थर ॲश रिचमंडचा. बाप काळ्यांसाठी राखलेल्या बागेचा रखवालदार, पोरगं तिथल्याच कोर्टावर शिकलं. गावातल्या गोऱ्यांच्या कोर्टावर त्याला बंदी. १९६८ ला अमेरिकन ओपन जिंकला, पण हौशी म्हणून नाव नोंदलेलं, त्यामुळे विजेत्याचे १४ हजार डॉलर त्याला घेता आले नाहीत.

या दोघांनाही घडवण्यात एका माणसाचा हात होता. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे डॉक्टर रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. घराशेजारी स्वतःचं कोर्ट बांधून त्यांनी काळी पोरं तयार केली. फोरहँड, बॅकहँड शिकवलाच, पण बरोबर एक नियमही शिकवला. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या दोन इंच बाहेर पडला तरी तो आत पडला असं समजून खेळायचं. पंचाशी वाद नाही. चेहऱ्यावर राग नाही. गोऱ्यांना तुम्हाला हाकलायला कारण मिळता कामा नये.

दोस्तांनो, हा नियम नीट समजून घ्या. दोन्ही बाजूंना कोर्ट सारखंच, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. काळ्या पोराला मात्र समोरच्यासाठी दोन इंच मोठं कोर्ट सांभाळावं लागायचं. आणि एवढं करून तो हरला की म्हणायचे, यांच्यात गुणवत्ताच नाही.

ही गुणवत्ता आपल्या ओळखीची आहे. पालवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचा. हिंदूंच्या संघाला त्याची बोटं हवी होती. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. त्यानं विकेटींचा ढीग लावला, पण कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडणतंटे झाल्यावर.

आणि आपल्या घरात काय शिकवतात? दुप्पट अभ्यास कर. शर्ट इस्त्रीचा घाल. मास्तर काही बोलला तरी मान खाली. मलाही हेच शिकवलं. हा जॉन्सनचाच नियम, मराठीतला. मी त्या डॉक्टरला नावं ठेवत नाही, आपल्या बापालाही नाही. दार किलकिलं होतं, पाय आत घालायचा होता. त्यांनी तो घातला. प्रश्न आपला आहे. आपण हा नियम पुढच्या पोरांना वारसा म्हणून द्यायचा का?

रिचर्ड विल्यम्सनं नाही दिला. कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर त्यानं व्हीनस आणि सेरेनाला शिकवलं. १९९१ साली दोघींना ज्युनिअर स्पर्धांतून सरळ बाहेर काढलं. गोऱ्या पालकांचे टोमणे आणि लहान वयातली शर्यत नको म्हणाला. जग हसलं. १९९४ ला चौदाव्या वर्षी व्हीनस थेट व्यावसायिक स्पर्धेत उतरली. २००१ ला इंडियन वेल्सच्या अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या सेरेनाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ती जिंकली आणि पुढं २०१५ पर्यंत तिथं पाऊल टाकलं नाही. २००४ च्या अमेरिकन ओपनला कॅप्रियातीविरुद्ध तिचे चांगले चेंडू बाहेर ठरवले गेले. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. बोंब उठली. २००६ पासून त्या स्पर्धेत रेषेचा निवाडा करणारं यंत्र आलं. आज ते यंत्र गोऱ्याकाळ्या सगळ्यांच्या उपयोगाला येतं. सोसलं कुणी, ते कुणी सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, कोको काही झोपडीतली नाही. बरोबर. बाप कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला, आई धावपटू. आईनं शिक्षिकेची नोकरी सोडून पोरीला घरी शिकवलं, बाप कोच झाला. दहाव्या वर्षापासून फ्रान्सच्या अकादमीतही जाऊन आली. पण ही मध्यमवर्गाची पायरी आली कुठून? तिची आजी इव्हॉन ली ओडम १९६१ साली, पंधरा वर्षांची असताना, डेलरे बीचच्या गोऱ्यांच्या सीक्रेस्ट हायस्कूलमधली पहिली काळी विद्यार्थिनी. आजी पंधराव्या वर्षी शाळेच्या दारात, नात पंधराव्या वर्षी विम्बल्डनच्या. मधे ५८ वर्षं. याला चमत्कार म्हणणारा माणूस आजीला पुसून टाकतो.

शिवाय चढणीची किंमत पोर स्वतः मोजते. ज्युनिअर गाजवत असतानाच, २०१७-१८ च्या सुमारास आपण आतून खचलो होतो, हे कोकोनंच पुढं सांगितलं. कॅप्रियातीला तेराव्या वर्षी बाजारात उतरवली, ती मोडली, तेव्हा कुठं वयाचा नियम कडक झाला. पंधराव्या वर्षी वर्षाला साधारण दहाच स्पर्धा. बाजार पोरीला जपत नसतो, आरडाओरड झाली की मर्यादा घालतो, एवढंच.

आणि हीच पोर बोलते. जून २०२०, जॉर्ज फ्लॉइडचा खून झालेला, डेलरे बीचला निदर्शनं. सोळा वर्षांची कोको माईक घेऊन उभी राहिली. म्हणाली, आजीनं पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ज्यासाठी लढा दिला, त्यासाठीच मला आज उभं राहावं लागतंय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तिच्या हाती देशाचा झेंडा दिला. काही दिवसांतच वेकिचविरुद्धच्या सामन्यात पंचानं चेंडूचा निर्णय फिरवला. मातीच्या कोर्टावर यंत्र नव्हतं. ती रडत रडत भांडली, माझ्यावर नेहमी हेच होतं म्हणाली. सामना हरली. लोकांनी तिलाच शिकवलं, जरा सभ्यपणे वाग म्हणून.

माझं मत साफ आहे. त्या दिवशी ती हरली तरी अल्थियाला आणि ॲशला जे करायची मुभा नव्हती ते तिनं केलं. मला तिचा कप जेवढा मोलाचा, तेवढंच ते भांडण मोलाचं. तिच्या नावावर कंपन्या बूट विकतात, विकू देत. एक पोर वर गेल्यानं वस्ती वर जात नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तिचं पोस्टर भिंतीवर लावून थांबू नका. वस्तीतल्या पोरांसाठी महापालिकेकडे मैदान मागा, कोच मागा, मुलींसाठी वेळ राखून मागा. कॉम्प्टनला सार्वजनिक कोर्ट नसतं तर व्हीनस नसती, आणि व्हीनस नसती तर मी इथं नसते, हे विम्बल्डनला तिला हरवल्यावर कोकोनंच तिला सांगितलं होतं.

आणि घरी पोरांना सांगा. मेहनत कर. आपला चेंडू बाहेर गेला तर बाहेर म्हण. त्यांचा गेला तरी बाहेरच म्हण. मोठ्यानं.