पशू कुठे राहतो?

माझे गाव हट्टा, मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातले. गावात जमिनीखाली मजल्यामजल्यांनी उतरत जाणारी एक जुनी दगडी बावडी आहे. लहानपणी आम्हा मुलांना ती भीतीचे घर वाटे. खालच्या अंधारात ‘काहीतरी’ आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. ते कोणीच पाहिलेले नव्हते, तरी त्यावर सर्वांचा विश्वास होता.

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ ही १९५४ सालची कादंबरी वाचताना ती बावडी आठवली. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केलेल्या जी. ए. कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली, म्हणून आपल्या भागाला ती तशी परकी नाही. निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले आधी शंख फुंकून सभा भरवतात, नियम करतात, जाळ पेटवतात. मग कोणाला तरी ‘पशू’ दिसतो आणि सारेच बिघडत जाते. वस्तुतः डोंगरावरचा तो पशू म्हणजे हवाई छत्रीत अडकलेले एक प्रेत असते. हे सत्य सांगायला सायमन येतो, तर भयाने बेभान झालेली मुले त्यालाच पशू समजून ठार मारतात.

परीक्षेत आपण ‘पशू म्हणजे माणसातील दुष्ट प्रवृत्ती’ असे एका ओळीत लिहितो आणि गुण मिळवतो. माझ्या मते हे उत्तर अर्धेच आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मारणारे काही जन्मजात खुनी नव्हते. बाजारासाठी आलेली साधी माणसे त्यात होती.

त्याच सुमारास अशीच अफवा आमच्याकडेही पोहोचली होती. मी शाळेत होतो. एका संध्याकाळी चादरी विकणाऱ्या एका परक्या माणसाला लोकांनी घेरले. मीही धावलो. तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, “अरे, याच्याकडूनच तर मी दिवाळीत चादर घेतली होती!” गर्दी ओशाळली, पांगली. घरी आलो तेव्हा माझ्या हातात दगड होता. तो मी कधी उचलला, ते आजही आठवत नाही. एवढे मात्र आठवते की, आपण काही वाईट करतो आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही. आपण गावाचे रक्षण करतो आहोत, असेच वाटत होते.

उरलेले अर्धे उत्तर मला इथे सापडते. आपल्यातील दुष्टपणा उघड्या तोंडाने आला, तर आपण त्याला ओळखू. पण भीती त्याला कर्तव्याचा वेश चढवते, आणि मग चांगली माणसेही त्याच्यामागे जातात.

मग माणूस मुळातच असा आहे का? १९६५ साली टोंगा देशातील सहा मुले खरोखरच एका ओसाड बेटावर अडकली होती. १९६६ साली सुटका होईपर्यंत ती वर्षाहून अधिक काळ तिथे राहिली. त्यांनी जाळ विझू दिला नाही. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी तो बांधून त्याची सेवा केली. म्हणजे गोल्डिंगच्या मुलांचा शेवट हा सर्वांच्याच कपाळी लिहिलेला नाही.

सुट्टीत मी बावडीच्या पायऱ्या तळापर्यंत उतरून आलो. खाली थोडे पाणी आणि गारवा होता, दुसरे काही नव्हते. पण वर येताना माझे लक्ष सारखे माझ्या हातांकडे जात होते. तो पशू मला पुन्हा भेटणारच. तेव्हा त्या म्हातारीसारखे पुढे होऊन बोलण्याचे बळ मला मिळो, एवढीच इच्छा आहे.