मनाचंही दुखणं विचारा

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर मांगल्याचं बोलायचा रिवाज आहे. यंदा आम्ही आजारपणाचं बोलणार आहोत, आणि सुरुवात लखनौपासून.

१९४५ मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासींशी लग्न झालं आणि गझलगायिका बेगम अख्तर यांचं गाणं थांबलं. खानदानी घराची रीत आड आली. जवळजवळ पाच वर्षं त्या गायल्या नाहीत. आजारी पडल्या, मनाने पार खचल्या. पुन्हा गाणं सुरू करणं हाच उपाय ठरला. १९४९ मध्ये लखनौच्या रेडिओ केंद्रावर त्या तीन गझला आणि एक दादरा गायल्या, आणि गाऊन झाल्यावर रडल्या. पुढे अखेरपर्यंत मैफली चालू राहिल्या. ३० ऑक्टोबर १९७४ ला अहमदाबादेत हृदयविकाराने त्या गेल्या, तेव्हा साठी नुकतीच झाली होती. त्या जुन्या खिन्नतेनेच हृदय निकामी केलं, असं आम्ही म्हणणार नाही, सिगारेटही होतीच. पण मनाच्या आजाराला आजार मानून त्यावर उपाय केला गेला, हे आम्हाला मोलाचं वाटतं. आज किती घरांत तेवढं होतं?

हृदयाचा झटका येऊन गेलेल्या साधारण पाचातल्या एकाला तीव्र नैराश्य येतं, आणि अशा रुग्णाचा पुढचा धोका वाढतो. कारणं गूढ नाहीत. सततच्या धास्तीने ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल चढे राहतात, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. शिवाय खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, तंबाखूकडे वळतो. अचानक कोसळलेल्या दुःखाने रक्तवाहिनीत अडथळा नसतानाही हृदयाचा स्नायू काही काळ दुबळा पडतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या विकाराचं वर्णन केलं, ‘ताकोत्सुबो’ म्हणून. तो बहुतेक उतारवयाच्या बायकांत दिसतो. म्हणून छातीत कळ आली की ‘टेन्शन असेल’ म्हणून आईला झोपवून ठेवू नका. आधी ईसीजी काढा.

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात लारी हृदयरोग केंद्र आहे, तसा मानसोपचार विभागही आहे. मोठ्या शहरांत सोय दोन्हींची असते. पहिल्या दारात आपण फाइल घेऊन धावतो, दुसऱ्या दारापाशी लोक काय म्हणतील ते आठवतं. ही लाज माणसं मारते.

अँजिओप्लास्टी करून घरी आलेलं माणूस फराळाला बसेल, तेव्हा चकलीतल्या तेलाची चौकशी सगळेच करतील. तुम्ही झोपेची करा. जगण्यात रस वाटतो का, तेही विचारा. उत्तर नकारार्थी आलं, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.