रांगेत उभा राहिलेला फुटबॉल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे नमवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. आघाडी घेऊन गमावलेला तो सामना गोमंतकीय प्रेक्षकाने घरच्याच मैदानावर पाहिला. त्यानंतरची चर्चा अपेक्षित वळणाने गेली. प्रशिक्षक, महासंघ, लीगची अनिश्चितता, परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू हे सारे विषय त्यात आले. सहा-सात वर्षांचे मूल मात्र त्या चर्चेत कुठेच नव्हते. एका पराभवाचे खापर प्राथमिक शाळेवर फोडणे हास्यास्पद ठरेल, हे मान्य. तरीही चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवण्याचे धैर्य विसाव्या वर्षी शिबिरात शिकवता येत नाही. ते अंगात मुरते ते दुधाचे दात पडण्याच्या वयात, आणि त्या वयाच्या मुलांना आपण फुटबॉल कसा शिकवतो याकडे आपले लक्ष नाही.

उन्हाळी शिबिरांत साधारणतः दिसणारे दृश्य असे : जमिनीवर ओळीने मांडलेले प्लास्टिकचे शंकू, त्यांच्यामागे वीस मुलांची रांग आणि रांगेच्या तोंडाशी एक चेंडू. प्रत्येक मूल शंकूंमधून वळणे घेत जाते, परत येते आणि रांगेच्या शेपटाला उभे राहते. एका फेरीला वीस सेकंद धरले, तर पुन्हा पाळी येण्यास सुमारे पावणेसात मिनिटे लागतात. चाळीस मिनिटांच्या तासात मुलाला सहा वेळा, म्हणजे जेमतेम दोन मिनिटे चेंडू मिळतो. उरलेली अडतीस मिनिटे ते काय शिकते? रांगेत उभे राहणे, पुढच्याला ढकलणे आणि फुटबॉल हा कंटाळवाणा प्रकार असल्याचे. शिवाय शंकू जागचा हलत नाही, पाय पुढे करत नाही, फसतही नाही. त्यामुळे त्याला वळसा घालण्यात मुलाची नजर चेंडूवरच खिळते. सामन्यात मान वर करून पाहावे लागते ते समोरच्या माणसाकडे, त्याच्या कमरेच्या हालचालीकडे.

हेच वीस जण प्रत्येकी एक चेंडू घेऊन चौकोनात उतरले आणि शिवाशिवी सुरू झाली, की चित्र पालटते. ज्याच्यावर राज्य आहे तो इतरांचे चेंडू चौकोनाबाहेर टोलवायला धावतो. बाकीचे आपापला चेंडू पायांआड दडवतात, वळतात, वेग बदलतात. कोणी काही ‘शिकवत’ नाही, पण चेंडू आणि शत्रू यांच्यामध्ये आपले अंग कसे आणावे हे मूल पाच मिनिटांत शोधून काढते. ‘स्टॅच्यू’ म्हणताच तळपायाने चेंडू दाबून स्तब्ध व्हायचे, या खेळातून चेंडू थांबवण्याची सवय लागते. शिक्षकाने रंग पुकारायचा आणि मुलांनी चेंडू घोळवत त्या रंगाच्या वस्तूपाशी पोहोचायचे, या खेळातून मान वर करण्याची.

आणि आट्यापाट्या! या मातीतल्या खेळाकडे फुटबॉलवाल्यांनी पाहिलेच नाही याचे नवल वाटते. पाटीवरचा रक्षक आपल्या रेषेवरच सरकू शकतो आणि चढाई करणाऱ्याने त्याला हुलकावणी देऊन ती रेष ओलांडायची असते. खांदा डावीकडे झुकवायचा, रक्षकाचा तोल तिकडे गेला की उजवीकडून निसटायचे. हे चेंडूविना केलेले ड्रिब्लिंगच आहे. प्रत्येकाच्या पायाशी चेंडू दिला, रेषा तीनच ठेवल्या आणि रक्षकाने मुलाला शिवण्याऐवजी चेंडूला पाय लावायचा असा नियम केला, की जगातल्या कोणत्याही अकादमीत शोभेल असा सराव तयार होतो. त्याला खर्च फक्कीच्या पुडीचा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. आपल्या बहुतेक पारंपरिक खेळांत ‘बाद’ झालेला मैदानाबाहेर बसतो. तोच नियम इथे उचलला तर सर्वांत आधी बसतो तो सर्वांत कच्चा मुलगा किंवा पूर्वी कधी चेंडू हाती न मिळालेली मुलगी, म्हणजे ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे तेच. म्हणून ज्याचा चेंडू बाहेर गेला त्याने तो आणावा, पाच वेळा दोन्ही पायांच्या चवड्यांनी आळीपाळीने त्याला स्पर्श करावा आणि पुन्हा आत यावे. मुलींच्या बाबतीत हा तपशील विशेष मोलाचा आहे. एका चेंडूमागे वीस पोरे धावतात तेव्हा मुली कडेला सरकतात. स्वतःचा चेंडू असला की सरकण्याचे कारणच उरत नाही.

जगाची पावले याच दिशेने पडत आहेत. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांसाठी दोनास दोन किंवा तीनास तीन असे चार छोट्या गोलांचे सामने बंधनकारक केले आणि गुणतालिका काढून टाकली. त्यावर तिथल्या बड्या फुटबॉल धुरिणांनीही नाके मुरडली, ‘जिंकण्याची ईर्षाच मरेल’ अशी भीती व्यक्त झाली. इंग्लंडही २०२६-२७ पासून सात वर्षांखालील मुलांना तीनास तीन खेळवण्याकडे वळत आहे. भारतीय महासंघाने २०१८ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ आणली, तिचा हेतूही चांगला होता. पण ‘लीग’ हा शब्द आला की आपल्याकडे चषक येतो, चषकामागून पाहुणे आणि छायाचित्रे येतात, आणि आठ वर्षांचा बचावपटू ‘मार, लांब मार’ या बाजूच्या आरोळ्यांनी चेंडू आंधळेपणाने भिरकावू लागतो. चकवण्याचा प्रयत्न करून चेंडू गमावणाऱ्यावर ओरडणारा पालक हा या वयातील ड्रिब्लिंगचा पहिला शत्रू आहे.

गोव्याला हे सारे परके नाही. १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला असे सांगितले जाते, परंतु तो रुजवला तो भातकापणीनंतरच्या शेतांनी. खुंट उरलेल्या खडबडीत जमिनीवर चेंडू कसाही उसळे आणि त्याला ताब्यात ठेवताना पाय आपोआप चतुर होत. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र खेळत, त्यामुळे धाकट्याला ताकदीने नव्हे तर चकव्यानेच निभावून न्यावे लागे. ती शेते आता पूर्वीसारखी उरली नाहीत. २०१२ मध्ये फुटबॉलला राज्यक्रीडेचा दर्जा मिळाला, विकास मंडळ आले, केंद्रे आली, ठिकठिकाणी कृत्रिम हिरवळही आली. पण शेतातल्या त्या बेशिस्त खेळाची जागा घेणारे काही प्राथमिक शाळेत उभे राहिले नाही.

आपल्या सरकारी प्राथमिक शाळा, ज्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या आहेत, आज पटसंख्येच्या प्रश्नाने ग्रासल्या आहेत. सत्तरी, सांगे, काणकोणातील अनेक वर्गांत अकरास अकराचा सामना सोडाच, पाचास पाचही जुळत नाहीत. म्हणून तिथे फुटबॉल शक्य नाही असे गृहीत धरले जाते. खेळातून ड्रिब्लिंगची पद्धत इथेच आपले बळ दाखवते : तिला संघ लागत नाही, परवानाधारक प्रशिक्षक लागत नाही, समवयस्क मुलेही लागत नाहीत. सात मुले, सात चेंडू आणि त्यांच्यासोबत धावायला तयार असलेली एक शिक्षिका एवढ्याने काम भागते.

सांगे-धारबांदोड्याच्या पूर्वेला राज्याची सीमा ओलांडली की हाच प्रश्न अधिक तीव्रपणे समोर येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका क्षेत्रफळाने साधारण निम्म्या गोव्याएवढा, पण २०११ च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या सुमारे ५२ हजार. गोव्याची साडेचौदा लाखांहून अधिक. नंदिगड्डे हे त्याच तालुक्यातले एक गाव. जंगलात विखुरलेल्या वाड्यांच्या या मुलखात कुणबी आणि सिद्दी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. (गोव्यातील कुणबी समाजाला २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला; घाटापलीकडचे त्यांचे भाऊबंद तीच मागणी वर्षानुवर्षे करत आले आहेत.) या भागाला क्रीडा-धोरणाचा एक अनुभवही आहे. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना ॲथलेटिक्ससाठी निवडून प्रशिक्षणाला नेले. त्यांतील काहींनी राष्ट्रीय स्तरावर पदके मिळवली आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ती योजना गुंडाळली गेली. तयार पाय शोधायला आलेली यंत्रणा पदके मिळेपर्यंत थांबते, त्यानंतर ती निघून जाते. गावात मागे काहीच राहत नाही, कारण गावात काही पेरलेलेच नसते. नंदिगड्ड्यासारख्या गावी निवड-चाचणी नेण्याआधी चेंडू न्यावेत, असे म्हणायचे ते यासाठी. चाचणीत एक मूल निवडले जाते आणि बाकीची परत जातात. चेंडू सर्वांपाशी राहतात.

नुसते ड्रिब्लिंग शिकवल्याने स्वार्थी खेळाडू घडतील, हा आक्षेप वारंवार ऐकू येतो. सहा वर्षांचे मूल चेंडू देत नाही, कारण त्या वयात ‘माझे’ हेच त्याचे जग असते. सहकाऱ्याला पाहण्याची दृष्टी नवव्या-दहाव्या वर्षापासून खुलत जाते, तेव्हा चेंडू देणे शिकवावे. ज्याला चेंडू राखता येतो त्यालाच तो योग्य क्षणी देताही येतो. ज्याला राखता येत नाही तो केवळ भीतीने सोडून देतो.

राहता राहिला चेंडूंचा प्रश्न, आणि तो पैशांचा कमी, कपाटाचा अधिक आहे. लहानग्यांना लागणारा तीन क्रमांकाचा चेंडू काही शे रुपयांत मिळतो. फिफाच्या शालेय उपक्रमासाठी भारताने २०२२ मध्ये करार केला आणि त्यातून देशभरातील शाळांकडे लाखो चेंडू रवाना झाले. पण शाळेत आलेला चेंडू डेडस्टॉक वहीत चढतो. तो फुटला, हरवला, माडांच्या बागेत गेला तर तपासणीच्या वेळी उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. साहजिकच तो कुलपात सुरक्षित राहतो आणि हवा जाऊन चपटा होतो. शिक्षण खात्याला खरोखर काही करायचे असेल, तर येत्या जूनपूर्वी एक परिपत्रक काढावे : प्राथमिक वर्गांचे चेंडू खडू-फळ्याच्या फडक्याप्रमाणे वापरून संपणारे साहित्य मानावेत, दरवर्षी मुलामागे एक या हिशेबाने नवे द्यावेत, सोबत हवा भरण्याचा पंप द्यावा, आणि वर्षअखेरीस न झिजलेल्या चेंडूंचा खुलासा मागावा.