पोटातल्या लेकराला खर्रा कोण चारतो?

धानाची रोवणी लागली की ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यातल्या बांध्यांत सकाळपासून वाकलेल्या बाया दिसतात. त्यांत एखादी सहा महिन्यांची गरोदर असते आणि तिच्या पदराच्या गाठीत खर्र्याची पुडी असते. आम्ही एकीला विचारले, बाई, पोटात लेकरू असताना हे कशाला? ती म्हणाली, "भूक मरते न जी, वकीलसाहेब."

सारा खटला या एका उत्तरात आला.

गरोदरपणातल्या गांजाची चर्चा आता शहरांत ऐकू येते. ती खोटी नाही. गांजातला अंमल वारेतून गर्भापर्यंत पोचतो, आईच्या दुधातही उतरतो. कॅनडातील ओटावा येथे १९७८ पासून अशा मातांची मुले वर्षानुवर्षे तपासली गेली, तेव्हा शाळकरी वयात लक्ष टिकवण्यात ती कमी पडताना दिसली. भांगेचे नुसते पान १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून ते गर्भाला निर्धोक ठरत नाही, हेही सांगून ठेवतो.

पण आमच्या जिल्ह्यांत बायांच्या तोंडी खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर घोटून केलेला. धूर नाही म्हणून त्याला कोणी नशा म्हणत नाही. मुंबईतील १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू खाणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोकाही वाढला. शंभर ग्रॅमने काय होते? जिथे आईच रक्ताने कमी, घरात सिकलसेल, तिथे बाळ अडीच किलोच्या खाली जायला तेवढे पुरे होते.

कायदे आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायांनी लढून २०१५ मध्ये मिळवलेली बंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली. खर्र्यात पडणाऱ्या सुगंधित तंबाखूवर राज्यात २०१३ पासून बंदी आहे, आणि टपरी शाळेच्या वळणावरच आहे! माल कोणाच्या गाडीतून येतो, हे पोलिसांना ठाऊक नाही असे कोणी म्हणावे?

बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चांद्यात दीक्षा दिली. पाचवे शील आम्ही रोज म्हणतो आणि विहाराच्या पायरीवर खर्रा घोटतो. आधी आम्ही पुरुषांनी ते थांबवावे, मग बाईला उपदेश करावा. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली होती. बाळंतीण होणाऱ्या मजूर बाईला विसावा हवा, आणि त्याचा भार एकट्या तिच्यावर नको, ही ती बाजू.

गरोदर बाईला एक वेळचे गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली, पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. सीमेबाहेरच्या गावातली शेतमजूर बाई, बौद्ध असो की कुणबी, तिच्या वाट्याला पुडीच राहते. ही सीमा ओलांडून ताट पुढे सरकावे, असा ठराव रोवणीआधीच्या ग्रामसभेत आमच्या कार्यकर्त्यांनी मांडावा. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.