चाळींतला कांदा आणि साठेबाजीचा आळ

शहरांत कांदा महागला कीं खेड्यांतला शेतकरी लगेच साठेबाज ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्यें सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला, तेव्हां आमचा उन्हाळी कांदा चाळींतच होता. ‘दाबून ठेवला आहे, आतां झक मारीत काढील’ असें बोलणारे शहाणे त्या वेळीं पुष्कळ निघाले. तो कर १ एप्रिल २०२५ ला उठला. आळ मात्र उठला नाहीं.

या शहाण्यांनीं एकदां भाद्रपदांत चाळीची बाजू उघडून आंत हात घालावा. वरचा कांदा लालबुंद. खालचा उचलला कीं बोटांना काजळ लागतें. ही काळी बुरशी. उष्मा आणि दमट हवा एकत्र आलीं कीं ती पत्तीखालीं पसरते. दुसरी बुरशी मानेंतून शिरते. तिसरी शेतांतल्या मातींतूनच बुडाशीं बसून येते आणि चाळींत कांदा खालून कुजवते. कुजका कांदा एकटा जात नाहीं, शेजाऱ्यालाही घेऊन जातो. कांहीं सडतात, कांहींना कोंब येतात, उरलेले वाळून वजनांत घटतात. वैशाखांत भरलेल्या मालापैकीं आश्विनांत कधीं निम्माही हातीं लागत नाहीं. असला माल कोणी हौसेनें दाबून ठेवील काय?

आतां दोन शब्द आपल्याच माणसांना. चाळीला लिंबू-मिरची टांगून बुरशी पळत नाहीं. कांदा पोसावा म्हणून अखेरपर्यंत युरिया टाकतां. त्यानें मान जाड राहते, आणि ओली मान म्हणजे बुरशीला उघडें दार. काढणीपूर्वीं दहा-पंधरा दिवस पाणी तोडा. उपटलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतांत असा पसरा, कीं एकाची पात दुसऱ्यावर सावली धरील. मग इंचभर मान ठेवून पात कापा, आणि आठ-दहा दिवस सावलींत सुकवून, जाड मानेचे व डेंगळे निवडून टाकून, मगच चाळ भरा. चाळीच्या तळाखालून वारा खेळला पाहिजे.

पण डोक्यावर वळीव गडगडत असतां, आणि सोसायटीचा हप्ता दारांत उभा असतां, दोन एकरवाल्यानें हें कोठें करावें? त्याला चाळच नाहीं. सरकारी अनुदान आहे, पण तें चाळ उभी राहिल्यावर! ज्याच्याजवळ आधीं पैसा, त्यालाच चाळ. बाकीच्यांनीं मे महिन्यांत मिळेल त्या भावानें कांदा द्यावा. हें अनुदान बांधकामापूर्वीं हातांत पडलें पाहिजे. तोंवर मेमधला आमचा भाव आणि दिवाळींतला शहरचा भाव यांमधलें अंतर कोणाच्या खिशांत जातें, तें साठेबाज शोधणाऱ्यांनींच शोधून सांगावें.