बटण खाडीपलीकडे, बोट अलीकडे

मोटरचं हिरवं बटण दाबायला एक बोट पुरतं. पण वाडी गोराई गावात आणि बिऱ्हाड बोरिवलीला असेल, तर त्या बोटासाठी आधी दुसरी बोट पकडावी लागते. जेट्टीवर जा, खाडी ओलांडा, वाडी गाठा, बटण दाबा, तासभर थांबा, लाल बटण दाबा, परत या. बोट चुकली तर भाईंदर-उत्तनचा वळसा आहेच. म्हणून गावातली चार पोरं फोनवरून मोटर चालू करायचं किट आणून जोडायला बसली, तेव्हा मला आनंद झाला आणि तितकीच धास्तीही वाटली. किट जोडू नका, असं मी म्हणत नाही. जोडाच. फक्त आधी माझं ऐकून घ्या.

विहिरीवर उभं राहून बटण दाबताना आपण नकळत किती गोष्टी बघतो! पाणी कुठवर आहे, फुटव्हॉल्व्हशी कुणी खटपट करत नाही ना, मोटरचा आवाज नेहमीसारखा आहे का, पाइपाच्या तोंडाशी पाणी पडलं का. बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मवरून फोनचा आकडा दाबला की यातलं काहीच दिसत नाही. दूरचं बटण आंधळं असतं. त्याला डोळे देता येत नसतील, तर निदान वाचा द्या.

ही अक्कल मला नुकसान सोसून आली. माझं पहिलं किट मिस्ड कॉलवर चालायचं. एक रिंग दिली की मोटर चालू, पुन्हा दिली की बंद. एका दुपारी ‘कर्ज हवंय का’ विचारणारा कुणाचा तरी फोन त्या सिमवर आला आणि मोटर सुरू झाली. मला पत्ता नाही. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे चालू करायला रिंग दिली, तर ती बंद झाली. तासाभराने बंद करायला रिंग दिली, तर ती चालू झाली. मी निवांत झोपलो. रात्रभर मोटर फिरली, विहीर तळाला गेली, सील जळालं आणि सकाळी वाडीत नुसता चिखल.

तेव्हा पहिली विनंती ही, की एकाच इशाऱ्याने चालू-बंद होणारं किट पंपाला लावू नका. चालूचा आकडा वेगळा, बंदचा वेगळा हवा. तीनदा ‘बंद’ दाबलं तरी बंदच राहिलं पाहिजे. आणि आकड्याआधी चार अंकी खूण हवी, म्हणजे भलत्याच्या फोनने काही हलणार नाही.

देशावरच्या शेतकऱ्यांचं दुखणं निराळं. तिथे शेतीची वीज रात्री-बेरात्री येते आणि अंधारात, साप-किरडू तुडवत पंपापर्यंत जावं लागतं. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची हीच पायपीट पाहिली होती. त्यातून पुढे त्यांचं ‘नॅनो गणेश’ आलं, मोबाइलवरून पंप चालवणारं यंत्र. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिकही मिळालं. मला त्यात बक्षिसापेक्षा आवडली ती एक साधी सोय. पंपाजवळच्या यंत्राला फोन लावला की तिथे वीज आहे का, हे आवाजावरून कळतं. म्हणजे ते नुसतं ऐकत नाही, बोलतंही. आपल्याला वीज आहे, मध्ये खाडी आहे. पण औषध तेच.

आता किटच्या पोटात काय असतं ते सांगतो, कारण न समजता डाग देत बसण्यात अर्थ नाही. फोनवर आकडा दाबला की जो ‘टूं’ ऐकू येतो, तो एक सूर नसून दोन सुरांची जोडी असते. ५ दाबला तर ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. अमेरिकेत बेलच्या टेलिफोनवर १९६३ साली ही पद्धत लोकांना मिळाली. सूर निवडतानाच असे निवडले, की बोलण्यातून किंवा गाण्यातून ही जोडी सहसा चुकूनही जुळू नये. एमटी ८८७० नावाची अठरा पायांची आयसी ही जोडी ओळखते आणि चार तारांवर आकडा मांडून देते. तिच्याशेजारचा क्रिस्टल ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा. हा विचित्र आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचा. तिथे तो लाखांनी बनत होता म्हणून स्वस्त, म्हणून इथेही तोच. आणि एक गंमत लक्षात ठेवा: शून्य दाबलं तर या आयसीतून शून्य येत नाही, दहा येतं. पोरं इथे हमखास अडकतात आणि आयसी खराब म्हणून बदलत बसतात.

सामान हवं तर बोरिवलीहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी दुकानदार लॅमिंग्टनच म्हणतात. आयसीसाठी बेस घ्या, आयसी थेट डागू नका. आयसीच्या पंधराव्या पायावर रेझिस्टन्स लावून एक एलईडी जोडा. आकडा दाबला की तो लुकलुकला, तर अर्धं किट जिंकलात. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड विसरू नका. पट्टीची बाजू प्लसकडे. तो नसेल तर रिले सुटताना कॉइलमधून जो झटका येतो, त्यात ट्रान्झिस्टर जातो.

घरात अजून जुना लँडलाइन असेल तर त्या तारांवर हातचं किट चढवू नका. फोन ठेवलेला असताना तिथे ४८ व्होल्ट असतात आणि रिंग येते तेव्हा ७५ च्या आसपास एसी. त्यापेक्षा जुना मोबाइल घ्या, कॉल आपोआप उचलायची सेटिंग करा आणि हेडफोनच्या भोकातून आवाज किटला द्या. मात्र तो मोबाइल वर्षभर चार्जरला टांगून ठेवलात तर बॅटरी फुगते. महिन्यातून एकदा तरी पाठ चाचपून बघा. कुणी सिमवालं टू-जी मॉड्यूल वापरणार असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. रिचार्ज संपला की येणारे कॉलही बंद होतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. तरी ऐन उन्हाळ्यात हेच विसरतं.

इथवर सगळा पाच-बारा व्होल्टांचा खेळ. चुकलं तर आयसी जाईल. पुढे २३० व्होल्ट आहेत, तिथे चुकलं तर माणूस जातो. म्हणून हा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला काय सांगायचं, ते मात्र तुम्हाला ठाऊक असू द्या.

किटवरच्या निळ्या रिलेवर ‘१० अँपिअर’ छापलेलं असतं आणि पोरं म्हणतात, एक एचपीची मोटर पाच-सहा अँपिअरच घेते, मग काय अडलं? अडलं ते सुरुवातीला. मोटर उठताना त्याच्या पाच-सहापट करंट ओढते. त्या ठिणगीत रिलेची पत्ती चिकटते. मग तुम्ही बोरिवलीत बसून ‘बंद’ दाबत राहा, मोटर काही थांबत नाही. त्यामुळे मोटरचा करंट किटमधून कधीच जाऊ देऊ नका. स्टार्टर आहे तसाच ठेवा. किटवरचा एक रिले हिरव्या बटणाच्या जोडीला समांतर लावा, तो दोन सेकंद मिटेल आणि सुटेल, जसं आपलं बोट. दुसरा रिले लाल बटणाच्या मालिकेत, तो दोन सेकंद उघडेल. काम स्टार्टरच करेल, ओव्हरलोडचं संरक्षण शाबूत राहील आणि वीज जाऊन आली तर मोटर आपणहून सुरू होणार नाही.

आता वाचा द्यायची ती इथे. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरला बहुधा एक रिकामा जादा कॉन्टॅक्ट असतो. त्यावरून फोनमध्ये ‘पीं’ असा सूर सोडा. पीं वाजलं म्हणजे मोटर खरंच लागली. पण मोटर फिरणं म्हणजे पाणी येणं नव्हे. पंप कोरडा फिरायला लागला की करंट घटतो, त्यावर बंद होणारं ड्राय-रन रक्षक मिळतं, ते बसवा. आणि एक टायमर, तासाभराने मोटर पाडणारा. फोनचं नेटवर्क गेलं, बॅटरी संपली, तुम्ही विसरलात, तरी तो विसरत नाही. सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, यात घासाघीस नको.

गिझर, इस्त्री, हीटर मात्र या किटवर घेऊच नका. जे पेटवून सोडलं तर आग लागू शकते, ते डोळ्यांसमोरच पेटवावं.

आपल्या हवेचंही बघा. मुंबईच्या दुकानात चकचकीत दिसणारं बोर्ड गोराईत एका पावसाळ्यात हिरवं पडतं. खारा वारा तांब्याला सोडत नाही. तपासणी झाली की बोर्डवर वार्निशचा हात द्या, रिलेच्या आणि प्लगच्या तोंडांना मात्र वार्निश लागू देऊ नका. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि वायरी खालून घाला, वरून नको. नाहीतर पाणी वायर धरून थेट आत उतरतं.

विहिरीवर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मोटर दुरुस्त करणारा असो की गाळ काढणारा गडी, ही मोटर फोनवर चालते हे माहीत असलंच पाहिजे. स्टार्टरजवळ ठळक अक्षरांत तशी पाटी लावा. काम सुरू करण्याआधी मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात घालायचा. शेजाऱ्याच्या हातात द्यायचा नाही, कठड्यावर ठेवायचा नाही.

पहिला आठवडा मोटरऐवजी एक नऊ वॅटचा दिवा लावा. घरातलं कुणीतरी वाडीत दिव्यासमोर बसवा, तुम्ही खाडीच्या या बाजूला जेट्टीवर उभे राहा आणि दहा वेळा चालू, दहा वेळा बंद करा. प्रत्येक वेळी तुम्हाला ऐकू आलेला सूर आणि वाडीत दिसलेला दिवा जुळतो का, हे वहीत लिहा. विसातला एक जरी जुळला नाही, तर वही खिशात घाला आणि पुढची बोट पकडा.