विवर नसलेला पाषाण

नामिबियातील ग्रूटफाँटेन गावापासून सुमारे 20 किलोमीटरांवर होबा आहे : आजवर सापडलेला जगातील सर्वांत मोठा उल्कापाषाण. प्रवासात वाट वाकडी करून तो पाहायला गेलो, तेव्हा प्रथम वाट्याला आली ती निराशा, हे कबूल केले पाहिजे. गोलाकार दगडी पायऱ्यांच्या तळाशी एक सपाट, काळपट-तांबूस धूड. लांबी-रुंदी पावणेतीन मीटरांच्या आसपास, उंची जेमतेम मीटरभर. पाषाण म्हणायचे एवढेच. वास्तविक ते सुमारे 60 टन लोह आणि निकेल आहे.

ही निराशा माझ्या अपेक्षेतून आलेली होती. लोणार पाहिलेला मराठी माणूस विवर शोधतो. लोणारला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे, पण ते घडवणारा पाषाण दिसत नाही. होबाला पाषाण आहे, विवर नाही. सुमारे 80 हजार वर्षांपूर्वी तो पडला असावा. वातावरणाने त्याचा वेग पुष्कळ कमी केला, असे मानतात. 1920 साली जेकोबस ब्रिट्स या शेतकऱ्याचा नांगर अडला, तेव्हा तो उजेडात आला.

साहित्यविचारात आपणही बहुधा विवरेच मोजतो. कोणत्या पुस्तकाने खळबळ माजवली, कोणामुळे प्रवाह बदलला, याच प्रश्नांभोवती आपले वाङ्मयेतिहास आणि प्रश्नपत्रिका फिरतात. परिणाम हा पुरावा आहे, हे मान्य. पण तो आघाताचा पुरावा. कृतीचे वजन त्यावरून कळतेच असे नाही. जे गाजावाजा न करता आले आणि मातीखाली गेले, त्याची नोंद या मोजपट्टीत होतच नाही.

होबाचे तुकडे लोक तोडून नेत. 1955 साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, तरीही नासधूस लगेच थांबली नाही. त्याचे रूपक करून मीही एक तुकडाच तोडला, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी वर्गात शिकवताना ब्रिट्स यांचा नांगर आठवतो. ते काही शोधायला निघाले नव्हते; आपले शेत नांगरत होते. अभ्यासक्रमाबाहेरची, कोणी न उघडलेली पुस्तके विद्यार्थ्यांनी वाचावीत, असा आग्रह मी धरतो तो त्यामुळेच. फाळ कुठे अडेल, हे जमीन नांगरल्याशिवाय कळत नाही.